यंत्र कुणासाठी, हे कोण विचारणार?

आज मध्यमवर्गीय घरात देवाच्या तसबिरीइतकीच हमखास सापडणारी एक वस्तू म्हणजे रक्तदाब मोजण्याचे यंत्र. त्याच्या शेजारी साखर तपासण्याचे यंत्र असते, कुणाचा दम्याचा पंप असतो, आजोबांचे कानाचे मशीन असते. यांपैकी किती वस्तू नेमाने व नीट वापरल्या जातात? कानाचे मशीन पुष्कळदा डबीतच राहते, कारण ते लावले की माणसांच्या बोलण्याआधी पंख्याची घरघर कानात शिरते. पंप दाबण्याचा आणि श्वास आत ओढण्याचा क्षण एकच असावा लागतो, हे कुणी बसून शिकवलेले नसते. रक्तदाबाचे यंत्र आकडे दाखवते. पण त्यांचा अर्थ सांगणारे माहितीपत्रक बारीक टाइपातल्या इंग्रजीत असते. यंत्र बिघडलेले नसते. ज्या माणसाची कल्पना करून ते बनवले गेले तो माणूस आणि ते वापरणारा माणूस, हे दोघे वेगळे असतात, एवढेच.

हे अंतर कुणी मोजायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वैद्यकीय उपकरणांची रचना म्हणजे अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचे काम, कला शाखेच्या वार्षिकात त्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. पण गेल्या दोन-अडीच दशकांत काही विद्यापीठांनी या विषयाचे जे अभ्यासक्रम चालवले, त्यांची हकीकत वाचली की हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. आपण तेथे का नाही?

सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज येथील आपल्या व्याख्यानात साहित्यिकांची आणि वैज्ञानिकांची अशा दोन संस्कृती एकमेकींपासून कशा तुटत चालल्या आहेत याकडे लक्ष वेधले होते. आपल्याकडे ही दरी दहावीच्या निकालाच्या दिवशी खणली जाते. अधिक गुणांचे विज्ञानाकडे, उरलेले इकडे, अशी ती वाटणी. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत दोन्ही बाजूंचे विद्यार्थी भेटतात ते फार तर एस.टी. स्टँडवर, नाही तर युवक महोत्सवात. एका टेबलाभोवती बसून एकच प्रश्न सोडवण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. वैद्यकीय उपकरणांच्या रचनेचे आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम नेमका हाच प्रसंग आणतात. निरनिराळ्या शाखांचे चार-पाच विद्यार्थी एकत्र बसवायचे, डॉक्टर किंवा परिचारिका यांच्याकडून आलेली खरी अडचण त्यांच्यापुढे ठेवायची आणि सत्राअखेर त्यांच्याकडून एखादा नमुना मागायचा, अशी त्यांची साधारण पद्धत. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ साली सुरू झालेल्या ‘बायोडिझाइन’ उपक्रमाने तर असा दंडकच घातला की, उपाय सुचवण्याआधी गरज शोधा आणि ती नीट शब्दांत लिहून काढा. गरज शब्दांत मांडणे हे काम कोणत्या शाखेचे, याचा विचार वाचकांनीच करावा.

अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. तेथे रेबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि मारिया ओडेन या दोन प्राध्यापिकांच्या पुढाकाराने गरीब देशांतील आरोग्याचे प्रश्न पदवीच्या वर्गात आणले गेले. २००६ साली सुरू झालेला ‘बियाँड ट्रॅडिशनल बॉर्डर्स’ हा त्यांचा उपक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला ठेवण्यात आला. पुढे विद्यार्थ्यांच्या एका गटापुढे आलेली अडचण अशी होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे श्वास सोडताना मिटू पाहतात. नाकात घातलेल्या नळीतून हवेचा हलका दाब सतत दिला तर ती उघडी राहतात. या नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. ते जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. बाटलीत बुडबुडे येत असले की यंत्र चालू आहे हे डोळ्यांनाच कळते. तत्त्व सोपे, पण बाजारातील यंत्राची किंमत हजारो डॉलर. विद्यार्थ्यांनी काय केले, तर माशांच्या काचपेटीत हवा सोडणारे दोन पंप आणले आणि बूट ठेवण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून पहिला नमुना उभा केला.

हा डबा वर्गातल्या कपाटात पडून राहिला नाही. आफ्रिकेतील मलावी देशात, ब्लांटायर येथील क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये त्याचे सुधारलेले रूप वापरून पाहण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासानुसार श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या आणि नुसता प्राणवायू मिळालेल्या २५ बाळांपैकी ११ वाचली. या यंत्रावर ठेवलेल्या ६२ पैकी ४४ वाचली. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठाल्या घोषणा करू नयेत. तरीही पदवीच्या शेवटच्या वर्षात हाती घेतलेल्या कामाची परिणती अशी आकडेवारीत व्हावी, ही गोष्ट लहान नाही.

ही हकीकत ऐकून आपल्याला पंपाचे कौतुक वाटते. मला कुतूहल आहे ते त्या विद्यार्थ्यांच्या चिकाटीचे. सत्र संपले, गुण मिळाले, तरी काम पुढे नेण्याची ओढ कशातून आली असेल? एक कारण उघड दिसते. त्यांना मिळालेला प्रश्न पुस्तकातल्या धड्याच्या अखेरीस छापलेला नव्हता आणि त्याचे उत्तर मार्गदर्शकांनाही ठाऊक नव्हते. दुसरे कारण असे की, उत्तर चुकले तर कुणाचे काय जाणार आहे, हे त्यांना माहीत होते. ज्या वर्गात उत्तराची वाट पाहणारा कुणीतरी माणूस असतो, त्या वर्गात हजेरीपटाची सक्ती करावी लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. स्टॅनफर्डमध्येच ‘डिझाइन फॉर एक्स्ट्रीम अफोर्डेबिलिटी’ नावाचा एक वर्ग चालतो. २००७ साली व्यवस्थापन, संगणक, विद्युत अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या विषयांच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला तेथे स्वस्तातली काचेची पेटी बनवण्याचे काम मिळाले. कमी वजनाच्या बाळांना उबेसाठी ज्या पेटीत ठेवतात ती. त्यांच्यापैकी एक जण नेपाळात जाऊन पाहतो तो इस्पितळात देणगीदाखल आलेल्या पेट्या रिकाम्या, आणि बाळे दगावत होती ती दूरच्या खेड्यांत, घरी. तेथे ना पेटी, ना वीज. मग पेटी स्वस्त करून काय उपयोग? गटाने प्रश्नच बदलला. काचेच्या पेटीऐवजी लहानशा झोपण्याच्या पिशवीसारखी वस्तू बनवायची. तिच्यात मेणासारखा पदार्थ भरलेले पाकीट ठेवायचे. ते एकदा तापवले की काही तास सुमारे ३७ अंशांची ऊब देत राहील. ‘एम्ब्रेस’ या नावाने ही पिशवी पुढे प्रसिद्ध झाली.

परंतु या गोष्टीतील महत्त्वाचा प्रसंग महाराष्ट्रातील एका खेड्यात घडला. गटातील एक जण तेथील आयांना नमुना दाखवत होता. पाकीट ३७ अंशांपर्यंत तापवायचे, हे दाखवणारी तापमापक पट्टी त्यावर होती. तेव्हा एका बाईने सांगितले की, डॉक्टरांचे औषध फार कडक असते असे आमच्याकडे मानतात, म्हणून एक चमचा सांगितला तर आम्ही बाळाला अर्धाच देतो. हे पाकीटही ३७ ऐवजी तीसपर्यंतच तापवू. या एका उत्तराने रचना बदलली. आकडे काढून टाकण्यात आले आणि ऊब योग्य आहे की नाही, एवढेच सांगणारी खूण आली.

त्या माउलीला अडाणी ठरवून पुढे जाणे किती सोपे होते! तिच्या वागण्यात तर्क होता, बाळाविषयीची काळजी होती आणि औषधाविषयी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली समजूत होती. तो तर्क ऐकून घेणे, त्याला हसू न येऊ देणे आणि त्यातून रचनेसाठी निष्कर्ष काढणे, हेच तर समाजशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या आणि भाषेच्या वर्गात आपल्याला शिकवले जाते. लोकसमजुतींवर आपण प्रकल्प लिहितो, मुलाखत कशी घ्यावी यावर टिपणे काढतो, बोलीतील शब्दांच्या छटा तपासतो. ते सारे गुणपत्रिकेत जाऊन विसावते. येथे त्याच गोष्टीने एका उपकरणाचे रूप पालटले.

असे शहाणपण आपल्याला परदेशातूनच आणावे लागते, असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत बालकांच्या न्यूमोनियावर काम चालू असताना एक अडचण उभी राहिली. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास ही धोक्याची खूण. पण गावातील सुईणीला साठापर्यंत आकडे येत नव्हते. तिला बाजूला सारून शिकलेली बाई शोधण्याऐवजी तेथे एक साधे साधन बनवण्यात आले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. १९९२ साली या श्वासमोजणी यंत्रावरचा निबंध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यात वीज नाही, पडदा नाही. सुईणीला काय येत नाही याची यादी करण्याऐवजी तिला काय येते हे पाहण्याची दृष्टी आहे.

जयपूर फूटची कथाही याच जातीची. १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी हे अस्थिशल्यविशारद आणि रामचंद्र शर्मा हे कसबी कारागीर यांनी मिळून तो घडवला. तोपर्यंतचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळात अनवाणी जातो आणि चिखलातून शेतात उतरतो, हे त्या पायाला ठाऊक नव्हते. शर्मांचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते, पण साहित्याची जाण त्यांच्या बोटांत होती. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला व तो योग्यच होता. शर्मांचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? अनेक विद्या एकत्र येतात तेव्हा श्रेय कुणाच्या नावावर जमा होते, हाही आंतरविद्याशाखीय शिक्षणातला प्रश्न आहे आणि तो पहिल्या दिवशीच विचारलेला बरा.

आता आपल्या राज्याकडे वळू. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ साली ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. त्याला राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे साहाय्य लाभले आणि पुण्याचे सी.ओ.ई.पी. व नागपूरचे व्ही.एन.आय.टी. त्यात सहभागी झाले. डॉक्टर, अभियंते आणि रचनाकार यांना काही दिवस एकत्र बसवून नमुने करून घेणारी शिबिरे या केंद्राने भरवली. ही गोष्ट अभिमानाची आहे. तरीही आपल्याकडे आंतरविद्याशाखीय म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते यंत्र, विद्युत, संगणक आणि वैद्यक. मराठीचा, समाजशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा विद्यार्थी त्या टेबलाशी बसलेला आपण कल्पनेतही पाहत नाही. त्याला बोलावले गेले नाही हे खरे. पण त्याने दार ठोठावले नाही, हेही तितकेच खरे.

येथे काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कला शाखेचा विद्यार्थी त्या गटात शोभेपुरता राहील. अभियंते नमुना बनवतील आणि हा अहवालाचे शुद्धलेखन तपासील. ही भीती निराधार नाही. चौघांच्या गटात एकाने राबायचे आणि तिघांनी सह्या करायच्या, हा प्रकार प्रत्येक शाखेत चालतो. अभियांत्रिकीचे तयार प्रकल्प विकत मिळतात आणि आपल्याकडची सर्वेक्षणे झाडाखाली बसून भरली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. फक्त वार्षिकात ते कुणी लिहीत नाही. त्यावर उपाय एकच. प्रत्येकाच्या कामाचे गुण वेगळे असावेत आणि गरजेच्या मांडणीला नमुन्याइतकेच गुण असावेत. त्याचबरोबर आपणही हात झटकून चालणार नाही. आलेख वाचता येत नाही, सरासरी म्हणजे काय ते सांगता येत नाही, विजेचे मंडल पाहून घाम फुटतो, अशा अवस्थेत समानतेची मागणी कोण ऐकून घेईल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रुग्ण म्हणजे प्रयोगशाळेतला बेडूक नव्हे. आधीच गर्दीने वाकलेल्या सरकारी रुग्णालयात वीस विद्यार्थी वह्या घेऊन घुसले तर परिचारिकांचा ताप वाढेल आणि खाटेवरच्या माणसाची अवहेलना होईल. म्हणूनच आधी वर्गात संमतीचा अर्थ शिकवला पाहिजे. रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे, नाही म्हणण्याचा त्याचा हक्क मानणे, त्याचे नाव व आजार वहीबाहेर जाऊ न देणे, हे नियम केवळ शिष्टाचाराचे नाहीत. शिवाय विद्यार्थ्यांनी बनवलेला नमुना थेट माणसावर वापरता येत नाही, हेही त्यांना कळले पाहिजे. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि धोक्याच्या प्रमाणानुसार उपकरणांचे चार वर्ग त्यांत केले आहेत. पंधरा आठवड्यांच्या सत्रात कुणी उपकरण बाजारात आणू शकत नाही. ‘नियोनर्चर’ नावाची, मोटारीचे सुटे भाग वापरून केलेली बाळाची पेटी २०१० साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या उत्कृष्ट शोधांच्या यादीत झळकली, पण तिचे उत्पादन कधी झालेच नाही. कौतुक आणि उपयोग यांत असे अंतर असते. सत्राअखेर विद्यार्थ्याच्या हाती जे खात्रीने राहू शकते ते म्हणजे नीट विचारलेला प्रश्न. यंत्र झाले नाही म्हणून त्याला नापास करणे चूक, आणि यंत्र चकाकले म्हणून पैकीच्या पैकी गुण देणेही चूक.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांकडून येईल. साहित्याने आणि इतिहासाने आपली उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी तंत्रज्ञांच्या दारी का जावे? कविता कुठल्याही यंत्राच्या कामी येत नाही, म्हणून ती कमी मोलाची ठरते काय? मुळीच नाही. कला शाखेचे सर्व शिक्षण कामाला जुंपावे, असे माझे म्हणणे नाही. पण माणूस हा आपला विषय आहे असे आपण म्हणत असू, तर आजारी माणूस, म्हातारा माणूस, एक कान गेलेला माणूस आपल्या विषयाबाहेर कसा ठेवता येईल? कादंबरीतल्या रुग्णाच्या वेदनेवर पंधरा गुणांचे उत्तर लिहिणाऱ्याला शेजारच्या रुग्णाची अडचण मांडता येऊ नये, यात साहित्याचाही सन्मान नाही.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण असे की, संधी आपल्या वेळापत्रकातच येऊन बसली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या नव्या पदवी अभ्यासक्रमात आपल्या शाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांनाही श्रेयांक आहेत. हा विषय आपण निवडतो कसा? ज्याचे तास सोयीचे, ज्याचा पेपर सोपा, जेथे मित्र आहेत तो. महाविद्यालयेही जो शिक्षक मोकळा असेल त्याचा विषय मांडून मोकळी होतात. धोरणाने दार उघडले आणि आपण त्याला पडदा लावला, असे होऊ नये.

प्राध्यापकवर्गापुढे आणि विद्यार्थिमित्रांपुढे एक साधी सूचना ठेवतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी बोलून पुढील वर्षी एक लहानसा ऐच्छिक विषय सुरू करावा. त्यांचे दहा विद्यार्थी, आपले दहा. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि आशाताई यांच्याकडून पाच अडचणी लिहून घ्याव्यात. सुरुवातीला नवे यंत्र बनवूच नये. असलेले यंत्र का पडून आहे, एवढेच शोधावे. कानाचे मशीन डबीत का राहते? साखर तपासण्याच्या पट्ट्या दोन वेळच्या जागी आठवड्यातून एकदाच का वापरल्या जातात; पैसे नाहीत म्हणून, बोट टोचायची भीती वाटते म्हणून, की आकडा वाढलेला दिसला तर सून रागावेल म्हणून? तिन्ही उत्तरांसाठी तीन वेगळे उपाय लागतील आणि खरे उत्तर कोणते हे कळण्यासाठी त्या घरात जाऊन, चहा घेऊन, सावकाश बोलावे लागेल. रक्तदाबाच्या यंत्राचे माहितीपत्रक मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ते खरोखर कळते का, हे दहा वृद्धांना वाचायला देऊन तपासावे. न कळलेले वाक्य पुन्हा लिहावे. मराठी विभागाला याहून चांगली व्यावहारिक मराठीची परीक्षा कुठे सापडेल?

यातून एकही यंत्र निघाले नाही तरी चालेल. डबीतले एक कानाचे मशीन पुन्हा कानावर चढले आणि घरातले कुणी कित्येक महिन्यांनी नातवाशी बोलू लागले, तर दोन श्रेयांक सार्थकी लागले असे समजावे. खुल्या ऐच्छिक विषयांची यादी पुढील वर्ष सुरू होण्याआधी ठरते. ज्यांना हा विषय हवासा वाटतो त्यांनी तोपर्यंत आपल्या विभागप्रमुखांना तसे लेखी कळवावे.